परदेशात नेलेला अबोला

अबोला धरायचेही नियम असतात. नुसतं तोंड फिरवलं की झाला अबोला, असं लोकांना वाटतं. एका अंगणात राहायचं, एकाच नळाला पाणी भरायचं आणि तरी बोलायचं नाही, म्हणजे त्याला शिस्त लागते. हाक मारायची नाही. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. काही सांगायचंच झालं तर मधल्या माणसाला सांगायचं. माणूस नसेल तर मांजराला, मांजर नसेल तर भिंतीला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या बोलण्याला हलायचं नाही. पहिल्या बोलण्याला उठलं तर आपण ऐकलं असं होतं, आणि ऐकलं म्हणजे अबोला सुटला. दुसऱ्यांदा कानावर आलं की मग उठायचं, जसं काही आपलं आपल्यालाच आठवलं. मी आणि माझी थोरली जाऊ, आम्ही दोघींनी हा अबोला आमच्या गावी, राहात्याला, इतकी वर्षं नीट सांभाळला, आणि मग तो विमानात घालून कॅनडाला नेला.

थोरल्या जावेला मी अक्का म्हणायचे. म्हणजे बोलत होते तेव्हा. आमची दोन घरं, मधे एक भिंत, पुढं एक अंगण. माझ्या लेकीच्या लग्नात अक्का न जेवता निघून गेल्या. सख्ख्या चुलतीनं लग्नातून उपाशी जायचं! सगळ्या गावानं विचारलं, काय झालं, काय झालं. मला ठाऊक असेल तर मी सांगणार ना? मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ती लेक आता स्वतः आई झाली आणि तिची पोरगी चौथीला आहे. मधल्या काळात आमचे दोघींचे नवरे गेले. दोन्ही वेळा आम्ही गळ्यात पडून रडलो, पण बोललो नाही.

रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, भक्ती अर्ध्यावर आली की पाळक सांगतात, एकमेकांना शांती द्या. मग सगळे वळून शेजाऱ्याशी हात मिळवतात. तेवढं टाळायला अक्का खिडकीकडच्या बाकावर बसायच्या आणि मी दाराकडच्या. सगळ्या मंडळीला हे माहीत होतं. कुणी काही म्हणत नसे. मी शाळेत मास्तरीण होते, मला कोण शिकवणार?

तर अक्कांचा मुलगा टोरांटोला असतो. त्याची बायको गरोदर, म्हणून त्यानं आईला कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. अक्का एकट्या विमानात बसेनात. त्यानं मला फोन केला. "काकू, तू आईला घेऊन ये. तीन आठवडे राहा, शहरं बघ, मग जा परत." हे पोरगं माझ्या हाताखाली बाराखडी शिकलं, त्याला नाही म्हणवेना. पण खरं सांगायचं तर मला कॅनडा बघायची काही हौस नव्हती. मला एवढंच दिसत होतं की तीन आठवड्यांनी ही बाई भिंतीपलीकडून कायमची जाणार. त्याच्या आत कुणीतरी तोंड उघडायला पाहिजे होतं. तिनं आधी, असं माझं म्हणणं. न जेवता ती गेली होती, मी नव्हे.

दुबईला विमान बदललं. दुबई मी पाहिली असं म्हणता येणार नाही, दुबईचं दुकान पाहिलं. सोन्याचं, अत्तराचं, खजुराचं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध माणसं चपला उशाशी घेऊन झोपलेली. आपल्या एसटी स्टँडवर झोपतात तशीच, फक्त खाली गालिचा. अक्कांना पाणी पाहिजे होतं. त्या समोरच्या खांबाला म्हणाल्या, "घसा वाळला बाई." मी जागची हलले नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. मग मी उठले, मला पाय मोकळे करायचे होते म्हणून, आणि येताना दोन बाटल्या आणल्या. एक बाकावर ठेवली. असा आमचा प्रवास.

टोरांटो मोठं शहर आहे म्हणतात. असेल. मला ते मोठं कमी आणि उंच जास्त वाटलं. काचेच्या इमारती, एकीच्या अंगात दुसरी दिसते, आणि खाली रस्त्यावर माणूस नाही. पुतण्या राहतो त्या भागात तर सकाळी मी बाकावर बसून राहिले तर कुत्री जास्त गेली आणि माणसं कमी. कुत्र्यांना जाकिटं घातलेली. घरांना कंपाउंड नाही, दाराला कडी नाही, अंगणात सायकली तशाच पडलेल्या. खारी काळ्याकुळकुळीत. आपल्या खारीच्या पाठीवरची बोटं कुठं गेली, असं अक्का खिडकीला म्हणाल्या. मलाही तेच वाटलं होतं, पण मी काय उत्तर देणार? खिडकीला विचारलं होतं.

लोक फार सॉरी म्हणतात. तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिला तरी तेच सॉरी म्हणतात. पहिले दोन दिवस मला हे फार सभ्य वाटलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सॉरी म्हणून ते पुढं निघून जातात. आपल्याकडं धक्का लागला की आधी भांडण, मग गाव कुठलं, मग तुमच्या त्या अमक्या माझ्या मावशीच्या नात्यातल्या, इथपर्यंत गाडी जाते. तिथं सॉरीवर विषय संपतो.

तळं पाहिलं. त्याला पलीकडचा काठच नाही. पुतण्या म्हणाला, "काकू, आहे की नाही समुद्रासारखं?" मी म्हटलं, आहे. अक्का म्हणाल्या, "लई पानी हाय, पर शेतात कुठं दिसत न्हाई." पुतण्या हसला. मला पण हसू आलं, ते मी खोकल्यात घालवलं.

बाजार म्हणून एका भल्यामोठ्या दुकानात नेलं. तिथं पेरू होता. आमच्या राहात्याच्या पेरूच्या बागांत आम्ही दोघींनी जन्म काढला, आणि इथं एक एक पेरू पांढऱ्या जाळीच्या स्वेटरात बसवलेला. अक्कांनी एक उचलला, नाकाला लावला, परत ठेवला. मी पण तोच उचलला, नाकाला लावला. वास नव्हता. आम्ही दोघींनी एकाच वेळी मान हलवली, आणि मग दोघींनी एकदम दुसरीकडं बघितलं.

घरात जेवणाची तऱ्हा वेगळी. सूनबाई भली पोरगी, पण तिथली रीत अशी की सगळं टेबलावर मांडून ठेवायचं आणि ज्यानं त्यानं आपापलं घ्यायचं. "घ्या हं, भूक लागेल तेव्हा." मला बरं वाटलं, कटकट नाही. अक्का मात्र बसून राहायच्या. अन्न समोर, वास घमघमतोय, आणि ही बाई सोफ्यावर, हात मांडीत. पोरगा आला, "आई, चल जेवायला," म्हणाला, की उठायच्या. एकदा त्याला ऑफिसातून यायला उशीर झाला, तर चार वाजेपर्यंत उपाशी. मी भिंतीवरच्या घड्याळाला म्हटलं, "काही लोकांना बोलावल्याशिवाय ताट दिसत नाही." अक्कांनी नाक मुरडलं.

रविवारी चर्चला गेलो. मोठं, दगडी, गार, आणि आत माणसं मोजकी, बहुतेक म्हातारी. तिथं खिडकीचा बाक आणि दाराचा बाक असं करता येईना, कारण पुतण्या मधे बसण्याऐवजी टोकाला बसला. बहुतेक मुद्दाम. मी आणि अक्का शेजारी शेजारी. पाळकबाई होत्या, त्यांनी इंग्रजीत तेच सांगितलं, शांती द्या. सगळे वळले. अक्कांचा हात मांडीवरून थोडा उचलल्यासारखा वाटला, का साडी सारखी करत होत्या, कोण जाणे. मी झटकन दुसऱ्या बाजूच्या गोऱ्या म्हातारीकडं वळले आणि तिचा हात दोन्ही हातांनी धरला. म्हातारी फार खूश झाली. वळून बघते तो अक्का पाठीमागच्या बाकावरच्या एका माणसाशी हात मिळवत होत्या.

तीन आठवड्यांतले दोन असेच गेले. मग पुतण्याला दोन दिवस मॉन्ट्रियलच्या ऑफिसात काम निघालं. तो म्हणाला, चला, ते पण शहर बघा. आगगाडीनं गेलो. सपाट रान, मधे मधे लाल झालेली झाडं. लोक त्या पानांचे फोटो काढत होते. आपल्याकडं पानं अशी व्हायला लागली की कृषी सहायकाला बोलावतात.

मॉन्ट्रियल मला टोरांटोपेक्षा आवडलं. तिथं लोक मोठ्यानं बोलतात. फ्रेंच बोलतात, त्यातलं मला ओ का ठो कळत नव्हतं, पण हातवारे कळत होते. दोन बायका फुटपाथवर पिशव्या खाली ठेवून भांडत होत्या, मी पाचेक मिनिटं उभी राहून बघितलं. फार बरं वाटलं. जिने घराच्या बाहेरून, लोखंडी, वळणावळणाचे. बर्फात त्यावरून कसं चढत असतील, येशू जाणे. टेकडीवर एक मोठं देऊळ, तिथं बरी झालेली माणसं आपल्या कुबड्या ठेवून गेलेली, भिंतीभर टांगलेल्या. अक्का त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे गुडघे धरतात. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

हे सगळं पहिल्या दिवशी, पुतण्या बरोबर असताना. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि आम्हाला मेट्रोची दोन कार्डं देऊन गेला. "काकू, सोपं आहे. इथून बसा, मोठं स्टेशन आलं की उतरा. बाजार बघा, मी संध्याकाळी तिथंच येतो." फोन माझ्याकडं. अक्कांचा फोन फक्त घरच्या वायफायवर चालायचा, म्हणून तो त्या आणतच नसत. आता मधलं माणूस नाही. मांजर नाही. सगळं शहर फ्रेंच.

मॉन्ट्रियलच्या मेट्रो स्टेशनच्या दारांतून गरम वारा असा सुटतो की ढकलावं लागतं. मी दार ढकलून धरलं, अक्का आत आल्या, दाराला म्हणाल्या, "बाई, वारं केवढं!" गाडीत गर्दी होती. अक्कांना जागा मिळाली, मी दाराशी उभी. गाडीला रबरी चाकं आहेत, खडखड होत नाही. मी बाहेरच्या पाट्या वाचत होते, त्या वाचण्यात मी पक्की. आमचं स्टेशन आलंसं दिसलं तशी मी दाराच्या काचेला म्हणाले, "आलं वाटतं. उतरायचंय."

अक्का हलल्या नाहीत. बरोबरच आहे, पहिलं बोलणं होतं.

गाडी थांबली, दार उघडलं, मागची गर्दी रेटत बाहेर निघाली आणि तिच्याबरोबर मीही. फलाटावर उतरून मी वळले, दुसऱ्यांदा म्हणायला. "उतरायचंय म्हटलं—" अक्का अर्ध्या उठल्या, एक हात दांड्याला, एका हातात पिशवी. आणि दार लागलं.

मी काचेवर हात आपटला. "अक्का! ओ अक्का! उतरा! अहो उतरा!" मी कधी वर्गात इतकी ओरडले नसेन. आख्खा फलाट माझ्याकडं बघायला लागला. काचेच्या आत अक्का माझ्याकडं बघून काहीतरी बोलत होत्या. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. सरळ माझ्याकडं बघून! मग गाडी हलली आणि गेली.

खोटं कशाला बोलू, रडूच फुटलं. अक्कांकडं ना भाषा, ना फोन, ना पत्ता. गुडघे धरणारी बाई आणि जमिनीखालचं ते शहर. पोराला काय तोंड दाखवू? एक काळा तरुण सॉरी म्हणून थांबला, इंग्रजीत म्हणाला, काळजी करू नका, त्या पुढच्या स्टेशनवर उतरून परत येतील, सगळे तेच करतात, तुम्ही इथंच थांबा. पुतण्याला फोन लावला, तो मीटिंगमध्ये, उचलेना. मी तिथं उभी राहिले, समोरच्या फलाटावर गाडी आली, गेली. अक्का नाहीत. दुसरी आली. नाहीत.

मग मला माझाच राग आला. कोण सगळे? सगळे तेच करत असतील, अक्का नाही करणार. बोलावल्याशिवाय ताटावर न बसणारी बाई आपणहून गाडीतून उतरेल आणि दुसऱ्या गाडीत बसेल? तिला कुणी उठ म्हणेपर्यंत ती बसून राहणार. म्हणजे शेवटच्या स्टेशनपर्यंत. मी डोळे पुसले आणि त्याच बाजूच्या पुढच्या गाडीत चढले. प्रत्येक स्टेशनला दारातून मुंडकं बाहेर काढून बघत गेले.

शेवटच्या स्टेशनवर बाकावर बसल्या होत्या. पिशवी मांडीत, पदर सारखा केलेला. शेजारी युनिफॉर्ममधली एक बाई उभी. अक्कांनी मला बघितलं. उठल्या नाहीत.

"आलीस व्हय?" म्हणाल्या.

मला! भिंतीला नव्हे, त्या बाईला नव्हे. आणि मी काय करावं? मी भडकले. "आलीस व्हय काय? पहिल्या हाकेला उठता येत न्हाई? जीव गेला असता माझा!"

"पयल्याला कशी उठू? तूच तर बोलत न्हाईस माझ्याशी."

"मी? मी बोलत न्हाई? माझ्या लेकीच्या लग्नातनं तुमी न जेवता गेलात! मी गेल्ते का?"

युनिफॉर्मवाली बाई एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. अक्कांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"मी कुठं गेल्ते गं लगीच? मांडवाच्या मागं, टाकीपाशी बसले हुते. एक पंगत उठली, दुसरी उठली. म्हटलं धाकटी येईल, हाताला धरून नेईल. न्हाई आलीस. मग गेले."

आमच्याकडं नवरीच्या आईनं थोरल्या जावेला हाताला धरून पंगतीला बसवायची रीत आहे. ती मला ठाऊक नव्हती असं नाही. पण ती लांबच्या चुलत-मावस जावांसाठी, असं मी धरून चालले होते. एका नळाचं पाणी पिणारी बाई, जिनं लग्नाचं तिखटमीठ स्वतः कांडलं, तिला कसलं आमंत्रण?

"अहो अक्का, तुमी घरच्या! घरच्या माणसाला कुणी बोलावतं का?"

"घरच्यालाच बोलवायचं असतं," अक्का म्हणाल्या. "पाव्हना काय, बोलावला न्हाई तरी पंगत बघून बसतो."

इतकी वर्षं! टाकीपाशी बसलेल्या बाईला एक हाक मारली नाही म्हणून! मी त्यांचा हात धरला. "चला, उठा," म्हटलं, आणि त्या उठल्या. ती युनिफॉर्मवाली फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली आणि हसली. तिला वाटलं असेल दोन बहिणी.

परत येताना मी विचारलं, काचेच्या आतून काय सांगत होतात? अक्का म्हणाल्या, "वरडू नगं, लोक बघत्यात, म्हनत हुते." मग आम्ही दोघी हसत सुटलो. गाडीतले लोक खरंच बघत होते.

बाजार पाहिला नाही. एका दुकानात बसून दोघींनी सूप आणि पाव खाल्ला आणि बोलत राहिलो. कोण मेलं, कुणाचं कुणाशी फाटलं, अमकीनं सुनेला काय म्हटलं. सगळं दोघींना माहीत होतं, भिंत पातळ आहे. तरी पुन्हा सांगितलं. पुतण्या संध्याकाळी आला तर आमची टकळी बंद होईना. तो उभ्या उभ्याच आमच्याकडं बघत राहिला. म्हणाला, "पाणी घेऊन येतो," आणि बराच वेळ आला नाही.

शेवटचा आठवडा कसा गेला सांगता येत नाही. टोरांटोचा तो उंच टॉवर बघायचा राहिला. पुतण्या रोज म्हणायचा, आज जाऊ, आणि आम्ही म्हणायचो, उद्या. आम्हाला वेळ कुठं होता? रविवारी पाळकबाईंनी शांती द्या म्हटल्यावर अक्कांनी आणि मी हात मिळवला आणि तो मी भक्ती संपेपर्यंत सोडला नाही. मला कळत होतं की दिवस संपत आले आहेत आणि फार वाईट वाटत होतं. अक्कांनाही वाटत होतं. विमानतळावर त्या म्हणाल्या, "जाते म्हनू नगं." मी म्हटलं, "येते." कुठं येणार होते, देव जाणे.

आता मी राहात्याला आहे. पलीकडच्या घराला कुलूप आहे. अंगण मी एकटीच झाडते, आधी अर्धं झाडायचे, आता सगळं. भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज येत नाही, तो येत असताना मला त्याचा राग यायचा. एकटीचं जेवण म्हणजे काय, कधी करावं, कधी राहू द्यावं.

संध्याकाळी दिवे लागले की फोन वाजतो. तिकडं तेव्हा सकाळ असते. मागं नातीचं रडणं ऐकू येतं, सूनबाईंचा आवाज, कुकरची शिट्टी. अक्का इकडचं तिकडचं काही विचारत नाहीत, ते नंतर. आधी एवढंच म्हणतात, "चल गं धाकटे, पानावर बस."

मी पहिल्याच हाकेला उठते.